ईसीसी रॅम घ्यावी की साधी? पुण्यात मशीन जुळवणाऱ्यांसाठी

तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन, नवं मशीन जुळवायला घेतलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "साहेब, डीडीआर-५ मध्ये ईसीसी असतंच, वेगळे पैसे कशाला घालवता?" डीडीआर-५ ही रॅमची नवी पिढी, आणि ईसीसी म्हणजे रॅममध्ये बिघडलेला बिट ओळखून दुरुस्त करण्याची सोय. ते वाक्य अर्धं खरं आहे, आणि सगळा घोळ उरलेल्या अर्ध्यात आहे.

माझं मत आधीच सांगतो. चूक दुरुस्त होते का, याच्याइतकंच ती झाल्याचं तुम्हाला कळतं का, हे बघून निवड करा.

साध्या रॅममध्ये ६४ बिट लिहिले जातात आणि ६४च वाचले जातात. मधल्या वेळात एखादा उलटला (०चा १ किंवा १चा ० झाला) तर बोंब मारणारं कुणी नाही. फोटोतला ठिपका बिघडेल, एक्सेलमधला आकडा बदलेल, नाहीतर मशीन मध्येच कोसळेल आणि आपण विंडोजला शिव्या घालत बसू. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सचंही ऑक्टोबर २०२२ मध्ये हेच झालं. संशय आधी नव्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) गेला, दोषी निघाली रॅमची स्टिक. ईसीसीसाठी जाहीरपणे भांडणारा हा माणूस, पण त्या मशीनमध्ये नेमकी साधी रॅम होती.

डीडीआर-४पर्यंतच्या ईसीसी स्टिकमध्ये त्या ६४ बिटांसोबत आठ जादा बिट असतात. म्हणूनच डीडीआर-४च्या ईसीसी स्टिकवर सहसा आठऐवजी नऊ चिप दिसतात. जुन्या पॅरिटी रॅमचं काम गणितातल्या ताळ्यासारखं होतं: चुकलं एवढं सांगायचं, कुठे चुकलं ते नाही. १९८१च्या आयबीएम पीसीत ती होती, आणि चूक दिसली की मशीन थांबायचं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत गणितज्ञ रिचर्ड हॅमिंगला अशाच प्रकाराचा वैताग आला होता. शनिवार-रविवारी लावून ठेवलेलं त्याचं काम चूक सापडताच मशीन सोडून द्यायचं. चूक झाल्याचं कळतं, तर जागा का कळू नये, या चिडीतून त्याचा १९५०चा शोधनिबंध आला. युक्ती सुंदर आहे. प्रत्येक तपासणी-बिट बिटांच्या वेगळ्या गटावर नजर ठेवतो, आणि कोणकोणते गट बिनसले हे एकत्र वाचलं की बिघडलेल्या बिटाचा क्रमांकच हाती येतो. ६४ बिटांना त्यासाठी सात पुरतात. आठवा असतो दोन बिट एकदम बिघडले तर ओळखायला. एक बिघडला की दुरुस्ती आणि नोंद, दोन बिघडले की इशारा. तीन बिघडले तर कधीकधी चुकीचीच 'दुरुस्ती' होते, हेही माहीत असू द्या.

आता डीडीआर-५चं ते अर्धसत्य. प्रत्येक चिप आतल्या आत दर १२८ बिटांमागे आठ तपासणी-बिट ठेवते, हे खरं. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर या सोयीचं संरक्षण नाही, आणि आत काय सावरलं ते ऑपरेटिंग सिस्टिमला कळत नाही. म्हणजे खराब होत चाललेली स्टिक गुपचूप झाकली जाते. गूगलच्या सर्व्हरवरची २००९ची पाहणी इथे आठवते: दरवर्षी आठ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चुका दिसल्या, आणि एकदा चुकलेली स्टिक पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त होती. अशी स्टिक वॉरंटी संपायच्या आत ओळखता येणं, हाच मला खऱ्या ईसीसीचा मोठा फायदा वाटतो. (पुण्याच्या एप्रिलला दोष देण्याआधी: त्याच पाहणीत तापमानाचा परिणाम फारच थोडा निघाला. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे म्हणून बिट उलटवू शकणारे वैश्विक किरण मुंबईपेक्षा किंचित जास्त, पण त्यावरून कुणी खरेदी ठरवू नये.)

खर्चाचं म्हणाल तर स्टिकपेक्षा बाकीची जुळणी जास्त अडते. रायझनचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर ईसीसी चालवतात, पण मदरबोर्डनेही साथ द्यायला हवी. नावात 'जी' असलेल्यांपैकी फक्त 'प्रो' घ्या. इंटेलकडे बाराव्या ते चौदाव्या पिढीचे कित्येक कोअर चालतात, मात्र बोर्ड डब्ल्यू-६८०सारख्या चिपसेटचा लागतो. आणि अशा बोर्डाला बफर नसलेली ईसीसी स्टिक लागते. सर्व्हरची रजिस्टर्ड (बफर असलेली) स्टिक स्वस्तात मिळतेय म्हणून उचलू नका, ती इथे चालणार नाही.

जुना सर्व्हर घेण्याचा तिसरा मार्गही आहे. त्यात एक अख्खी चिप मेली तरी निभावणारी चिपकिलसारखी सोय मिळू शकते. पण पंख्यांचा आवाज आणि महावितरणचं बिल बघता फ्लॅटमध्ये ठेवायला मी तरी सुचवणार नाही.

गेम, ब्राउझिंग, कॉलेजचं प्रोजेक्ट: साधी डीडीआर-५ घ्या, वाचलेले पैसे एसएसडीत घाला. सीएचं ऑफिस, लग्नांचे फोटो वर्षानुवर्षं जपणारा स्टुडिओ, दिवसेंदिवस मॉडेल चालवणारा पीएचडीचा विद्यार्थी: ईसीसी. कारण तुमची चुकलेली फाइल बॅकअपमध्येही चुकलेलीच जाते. ऑफिसात पाच मशीन असतील तर पाचही बदलायची गरज नाही. फाइल जिथे साठतात त्या एकाला ईसीसी द्या.

घेतल्यावर एक गोष्ट नक्की तपासा. काही बोर्ड ईसीसी स्टिक मुकाट्याने चालवतात, पण तपासणी बंदच असते. लिनक्सवर रासडीमन (rasdaemon) हा मेमरीच्या चुकांची नोंद ठेवणारा प्रोग्राम बसवा, मेमरी कंट्रोलरची नोंद दिसायला हवी. ती दिसत नसेल तर बायोसमध्ये ईसीसीचा पर्याय शोधा, आणि तिथेही नसेल तर बोर्ड परत करण्याची मुदत कधी संपते ते बघा.