पोलोच्या कापलेल्या स्प्रिंगा काढून आयबाख प्रो-किट (गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगांचा सेट) टाकलं, 8 महिने आणि 9 हजार किमी नंतरचा रिव्ह्यू

माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 2014 ची, म्हणजे ती 1.2 वाली, 7 स्पीड डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). 2021 मध्ये सेकंड हँड घेतली. बघायला गेलो तेव्हा गाडी पार्किंगमध्ये अशी काही बसली होती की इंजिन ऐकायच्या आधीच माझा मनातल्या मनात सौदा झाला होता. चाक आणि फेंडरच्या मध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट, स्टॉक म्हणजे कंपनीतून येते तशा पोलोला तिथे चार बोटं आरामात जातात. आधीचा मालक म्हणाला थोडी लोअर केलीय भाऊ, बाकी काही नाही. मी पण विचारलं नाही कशाने केलीय. ते विचारायला पाहिजे होतं, म्हणून सगळ्यात आधी तेच सांगतो, लोअर केलेली गाडी घेत असाल तर लिफ्टवर चढवून स्प्रिंग बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

पहिले दोन महिने मजा आली, मग हळूहळू कळायला लागलं. स्पीडब्रेकर कितीही हळू घेतला तरी खालून ठक्क. कात्रजच्या जुन्या घाटात वळणावर मध्येच खड्डा आला की गाडीचं मागचं टोक बाजूला उडी मारायचं, स्टिअरिंग सरळ असताना. मला वाटायचं टायर कडक झालेत. मग एकदा आई-बाबांना घेऊन साताऱ्याला लग्नाला निघालो, बाबांचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे, ते मागे बसले होते. शिरवळला चहाला थांबलो तर बाबा उतरून दाराला धरून दहा मिनिटं तसेच उभे. मी म्हटलं बाबा, काय झालं, तर म्हणाले, "तू हो पुढे आईला घेऊन, मी मागून एसटीने येतो." रागावून नाही, अगदी शांतपणे. ते ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही, पण सोमवारी सकाळी गाडी गॅरेजला होती.

लिफ्टवर गाडी वर गेली, मागची चाकं लोंबकळली आणि मेकॅनिक म्हणाला, दादा इकडे या, ही हाताने फिरवून बघा. मागची डावी स्प्रिंग हातात बांगडी फिरावी तशी गरागरा फिरत होती. म्हणजे चाक पूर्ण खाली गेलं की स्प्रिंग वरच्या आणि खालच्या बैठकीच्या मध्ये सुटीच. एखादा मोठा उंचवटा वेगात घेतला, चाक हवेत लटकलं आणि परत येताना स्प्रिंग जागेवर बसलीच नाही तर? घाटात हेच होत असणार काय, हा विचार करून पोटात गोळा आला.

बाहेर काढली तेव्हा दिसलं. खालचं टोक कापलेलं. कंपनीची स्प्रिंग त्या टोकाला ज्या बैठकीत बसते त्या बैठकीच्याच आकाराची वळवलेली असते, इथे सरळ आडवा काप, कड धारदार, आणि त्या कडेने खालचं रबर अर्धं चिरून टाकलेलं. पुढची उजवी तर गॅस कटरने कापलेली होती, कापाच्या जवळ दोन-तीन इंच लोखंड निळं-जांभळं झालेलं. स्प्रिंगच्या पोलादाला ठरावीक उष्णतेने पाणी दिलेलं असतं, त्यातूनच तिची लवचिकता येते, आणि कटरच्या ज्योतीने तेवढ्या भागातलं ते पाणी उतरतं. मग तिथे ती बसते नाहीतर एक दिवस तडकते. ज्या कोणी हे केलं त्याचं नाव मला माहीत नाही आणि घ्यायचंही नाही, पण चार स्प्रिंगा चार वेगवेगळ्या लांबीच्या होत्या एवढं सांगतो.

आता बरेच जण म्हणतात कापली की स्प्रिंग कडक होते मग हँडलिंग सुधारतं ना. अर्धं बरोबर आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांवर असतो, वेढे कमी तेवढी ती कडक. समजा सहा वेढे काम करतायत आणि दीड कापले, राहिले साडेचार, म्हणजे स्प्रिंग साधारण एक तृतीयांशाने कडक झाली. पण गाडी खाली आली 50-55 मिमी. चाकाला वर यायला जी जागा होती त्यातला मोठा हिस्सा संपला, आणि तेवढ्या कमी जागेत धक्का पेलायला एक तृतीयांश कडकपणा पुरत नाही, त्यामुळे गाडी स्प्रिंगवर चालतच नाही, बंपस्टॉपवर (चाक पूर्ण वर आलं की अडवणारा रबरी ठोकळा) आदळत चालते. बाबांच्या पाठीला जे लागत होतं ते हेच. आणि शॉकअपचा दांडा कायम नको तिथे खाली दबलेला, माझे पुढचे दोन्ही शॉकअप ऑइल सोडत होते.

खरंतर त्या दिवशी स्टॉक स्प्रिंगा टाकून विषय संपवता आला असता, आणि तुमचा रोजचा रस्ता खराब असेल तर तेच करा. पण मला गाडी थोडी खाली हवीच होती, आवडते मला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून आयबाखचं प्रो-किट मागवलं. जर्मनीतली कंपनी, 1951 पासूनची, स्प्रिंग हाच त्यांचा मूळ धंदा. डब्यात चार काळ्या स्प्रिंगा, पुढच्या वेगळ्या मागच्या वेगळ्या, प्रत्येकीवर नंबर छापलेला. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे वेढे एकसारखे नाहीत, एका टोकाला दाट, पुढे विरळ. याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. दाट वेढे नरम, गाडीच्या वजनाने ते आधी मिटतात, पुढे जास्त दाब आला की विरळ वेढ्यांचा कडकपणा लागतो. आणि चाक लटकलं की तेच दाट वेढे उघडून स्प्रिंग बैठकीला घट्ट धरून ठेवतात. माझ्या कापलेल्या स्प्रिंगमध्ये नेमकं हेच नव्हतं. फिटिंगनंतर मी मुद्दाम लिफ्टवर हाताने फिरवून बघितली, तसूभर हलली नाही.

एक महत्त्वाचं, डब्यावर किती मिमी लिहिलंय त्यावर आपल्याकडे डोळे झाकून जाऊ नका. भारतातली पोलो कंपनीने मुळातच युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली आहे, ते आकडे तिकडच्या गाडीचे असतात. चाकाच्या सेंटरपासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा, आधी आणि नंतर, चारही बाजूंना. मी मित्राची स्टॉक पोलो शेजारी उभी करून मोजलं, माझी पुढून 33 आणि मागून 30 मिमी खाली आली. पहिल्या काही शे किमीमध्ये आणखी 3-4 मिमी बसली, नंतर तिथेच आहे.

फिटिंगबद्दल थोडं जास्त लिहितो कारण चांगली स्प्रिंग चुकीची बसवून वाया घालवलेली मी बघितलीय. मागचं सोपं आहे, पोलोला मागे शॉकअप आणि स्प्रिंग वेगवेगळे, शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) खाली घेतला की स्प्रिंग निघते. पुढे पूर्ण स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला भाग) काढून कंप्रेसर लावूनच स्प्रिंग दाबायची, इथे जुगाड नको, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जातो. माझ्या मेकॅनिकने (भोसरीत आहे, साधं पत्र्याचं शेड) वरचं माउंटिंग आणि बेअरिंग नवीनच टाकायला लावलं, एवढं उघडलंय तर जुनं कशाला परत घालायचं म्हणून. पण ज्या गोष्टीने मी त्याला मानलं ती वेगळीच. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि मागच्या बीमचे बुशचे (सांध्यातलं रबर) बोल्ट त्याने लिफ्टवर नुसते हाताने लावले आणि गाडी चाकांवर उभी करून, दोनदा दाबून हलवून, मग खाली झोपून टॉर्क रेंचने आवळले. हवेत आवळले तर बुशचं रबर लटकलेल्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं, वर्षभरात फाटतं, आणि लोक म्हणतात लोअरिंग स्प्रिंगने बुश गेले. हे मला आधी माहीत नव्हतं.

शॉकअप चारही नवीन टाकले, स्टॉकचेच. एवढ्या लोअरिंगला ते चालतात, जास्त खाली जायचं असेल तर आखूड दांड्याचे वेगळे लागतात. सगळं मिळून स्प्रिंगा, शॉकअप, माउंटिंग, मजुरी धरून साधारण 53 हजार गेले, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त फक्त स्प्रिंगांचे. महाग आहे, मान्य. पण जवळजवळ निम्मे पैसे तर कोणीतरी दोन-तीन हजारात कापून ठेवलेलं दुरुस्त करण्यातच गेले.

अलाइनमेंट लगेच करायचं आणि स्प्रिंग बसल्यावर परत एकदा. उंची बदलली की टो (चाकं समोरून आत-बाहेर किती वळलीत तो कोन) बदलतो आणि टो बिघडला की टायर आतल्या कडेने साफ होतो, माझे जुने पुढचे दोन टायर बाहेरून नवे दिसायचे आणि आतून तार दिसायची. पोलोला पुढचा टो सेट होतो, मागे बीम असल्यामुळे काही करता येत नाही, त्यामुळे प्रिंटआउट मागून घ्या आणि मागचे आकडे दोन्ही बाजूंना जवळपास सारखे आहेत ना ते बघा.

चालवायला कशी आहे? पसरणी घाटात घेऊन गेलो, वाईवरून पाचगणी. आधी गाडी वळणात टाकली की एक क्षण कुठे जाणार ते कळायचं नाही, आता स्टिअरिंग फिरवलं की नाक जातं आणि मागचा भाग गुपचूप मागे येतो. कमी झुकते. वळणात खड्डा आला तर धक्का बसतो पण गाडी रेष सोडत नाही, माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. एक्सप्रेसवेवर 100 ला आधी हातात सतत थरथर असायची ती गेली. जितकी खाली तितकी भारी असं मात्र नाही हां, पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांत फार खाली गेलं की आर्मचे कोन बिघडतात आणि गाडी उलट जास्त झुकायला बघते, म्हणून मला 30 च्या आसपासच थांबायचं होतं.

आता जे आवडलं नाही ते. शहरात 30 च्या स्पीडला, पेव्हर ब्लॉक आणि पॅचवर्कच्या रस्त्यावर, गाडी स्टॉकपेक्षा नक्कीच कडक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला पाहिजे, तसा असेल तर काहीच लागत नाही. पण आपल्याकडे गल्लीत रात्रीतून डांबराचा ढीग टाकतात, तो चार माणसं बसलेली असताना तिरका घ्यावाच लागतो. पावसाळ्यात पाणी भरलेल्या रस्त्यावर मी आता जातच नाही, खाली खड्डा किती आहे दिसत नाही.

आणि कायद्याचं, हे कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायला आडकाठी करतं आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तीच बाजू उचलून धरली. त्यामुळे डबा, बिल, पार्ट नंबर सगळं जपून ठेवा, इन्शुरन्सवाल्यांशी आधी बोलून घ्या, आणि स्टॉक स्प्रिंगा भंगारात देऊ नका. माझ्याकडे स्टॉकच्या नव्हत्याच, कापलेल्या होत्या, म्हणून एक सेट वेगळा घेऊन घरी माळ्यावर ठेवलाय.

मागच्या महिन्यात बाबांना परत साताऱ्याला नेलं. निघताना पाठीला उशी घेतली होती त्यांनी. खंबाटकी ओलांडल्यावर आरशात बघितलं तर उशी बाजूला पडली होती आणि बाबा खिडकीला डोकं टेकवून झोपले होते. शिरवळला थांबलोच नव्हतो.