चष्मा नाकावरच ठेवून: निकॉन मोनार्क ५, ८×४२

माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेपाच, डाव्याचा उणे पावणेपाच, आणि दोन्हींत दीड-दीड सिलिंड्रिकल, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा लागणारा नंबर. तीन वर्षांपासून काचा प्रोग्रेसिव्ह आहेत, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर. हे आधीच सांगते, कारण दुर्बीण कुठल्या डोळ्यांनी पारखली आहे ते कळल्याशिवाय चष्मेवाल्यांना तिच्या परीक्षणाचा उपयोग होत नाही.

याआधी दहा वर्षं माझ्याकडे १०×२५ ची छोटी दुर्बीण होती (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). खिशात मावायची, म्हणून मला फार आवडायची. पण चष्म्यावरून पाहिलं की समोरचं दृश्य एवढंसं, दाराच्या किल्लीच्या भोकातून डोकावल्यासारखं. म्हणून दर वेळी चष्मा कपाळावर सरकवायचा, दुर्बीण डोळ्यांना लावायची, फोकस फिरवायचा. तोवर पक्षी उडालेला. मग तो कुठे गेला हे पाहायला पुन्हा चष्मा खाली, कारण चष्म्याशिवाय मला झाडही धड दिसत नाही, फांदी तर लांबच राहिली. एका खंड्यासाठी हा खेळ मी एका सकाळी नऊ वेळा केला. त्याच दिवशी ठरवलं की आता चष्मा काढायला लावणारी दुर्बीण नको.

सगळा घोळ एका आकड्याचा असतो: आय रिलीफ. आयपीसच्या, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगांच्या, शेवटच्या काचेपासून डोळा किती अंतरावर असताना पूर्ण गोल दृश्य दिसतं, ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर पुढे बसतो. आय रिलीफ १० असेल, तर चष्मेवाल्याचा डोळा तिथे पोचणारच कसा? कडा कापल्या जातात आणि मधला तुकडा तेवढा उरतो. किमान १५-१६ तरी हवेत. आणखी एक गोष्ट आहे, जी खोक्यावर लिहिलेली नसते. हे अंतर काचेपासून मोजतात, पण आपला चष्मा टेकतो तो आयकपच्या, म्हणजे आयपीसभोवतीच्या वर-खाली होणाऱ्या कड्याच्या, रबरी कडेला, आणि आयकप पूर्ण खाली केला तरी ती कड काचेच्या दोन-चार मिलिमीटर वर असते. तेवढे वजा करूनच आकडा वाचायचा.

चष्मेवाल्यांचा हा विचार नवा नाही. जर्मनीच्या झाइसने १९५८ मध्ये खास चष्मा घालणाऱ्यांसाठी ८×३० ची दुर्बीण काढली आणि नावात ‘बी’ जोडला. हा ‘बी’ म्हणजे ‘ब्रिले’, जर्मनमध्ये चष्मा. इतक्या वर्षांनंतरही कित्येक दुर्बिणींच्या माहितीत आय रिलीफ सर्वांत तळाशी बारीक अक्षरात असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्यासारख्यांनी तोच आकडा सर्वांत आधी पाहायला हवा.

मोनार्क ५ च्या ८×४२ ला आय रिलीफ १९.५ मिलिमीटर आहे. याच मालिकेतल्या १०×४२ ला १८.४. दहापट मोठं दिसण्याचा मोह मलाही झाला होता, पण हातात धरून पाहताना दहापटीत चित्र जास्त थरथरतं. शिवाय ८×४२ मधून डोळ्याकडे येणारं प्रकाशाचं वर्तुळ सव्वापाच मिलिमीटरचं असतं (४२ भागिले ८), १०×४२ मध्ये ४.२ चं. वर्तुळ मोठं असलं की डोळा थोडा इकडे-तिकडे झाला तरी दृश्य सुटत नाही. चष्मा मध्ये असताना डोळा अगदी मधोमध धरणं कठीण जातं, म्हणून आम्हाला या मोकळिकीची किंमत जास्त.

पहिल्यांदा डोळ्यांना लावली तेव्हा आयकप फिरवून पूर्ण खाली केले होते. दृश्य पूर्ण गोल होतं, कडेला स्वच्छ रेघ. दहा वर्षांत चष्म्यावरून ही कड मी कधी पाहिलीच नव्हती. मी दुर्बीण तशीच धरून उगाच एका भिंतीकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मात्र नजर हलवली की दृश्यात काळ्या सावल्या यायला लागल्या, घेवड्याच्या दाण्यासारख्या. आधी वाटलं, नगच खराब निघाला. पण तसं नव्हतं. डोळा गरजेपेक्षा काचेच्या जास्त जवळ गेला की कुठल्याही लांब आय रिलीफच्या दुर्बिणीत हे होतं. माझ्या काचा पातळ आहेत आणि फ्रेम चेहऱ्याला चिकटून बसते, त्यामुळे मला १९.५ थोडे जास्तच पडत होते. आयकप एक टक वर घेतला आणि सावल्या गेल्या. हे आयकप टप्प्याटप्प्याने थांबतात, त्याचा असा उपयोग होतो. नवी दुर्बीण आणल्यावर पहिला अर्धा तास फक्त हे टप्पे बदलून पाहण्यात घालवा.

डायऑप्टरची, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवणारी, कडी उजव्या आयपीसवर आहे. उजवी बाजू झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करायचा, मग डावी बाजू झाकून फक्त कडी फिरवायची. चष्मा घालून केलं तर कडी शून्याच्या आसपासच थांबते, कारण दोन डोळ्यांतला फरक चष्म्याने आधीच मिटवलेला असतो. ती शून्यापासून फार लांब जात असेल, तर डोळे तपासून घ्यावेत.

“नंबर दुर्बिणीतच जुळवता येतो की, मग चष्मा कशाला?” असं मला अनेकांनी विचारलंय. साधा नंबर असेल, तर फोकसच्या चाकाने तो बऱ्याच अंशी भरून निघतो. पण नंबर मोठा असेल तर दूरचं स्पष्ट व्हायच्या आधीच चाक अडतं. जुन्या दुर्बिणीत माझं तेच व्हायचं. आणि सिलिंड्रिकल नंबर तर कुठलंच चाक भरून काढत नाही. हे मला सर्वांत लख्ख कळलं गुरू ग्रहाकडे पाहताना. चष्म्याशिवाय तो तिरपा फरकटलेला दिसायचा. या दुर्बिणीतून चष्म्यासकट पाहिलं, कोपर कठड्याला टेकवून, तर एक नीट ठिपका आणि त्याच्या एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक असे तीन बारीक चंद्र. चौथा तेव्हा ग्रहाच्या मागे किंवा पुढे असावा. गॅलिलिओने १६१० मध्ये हे चंद्र पाहिले, हे शाळेत पाठ केलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मला वयाची बावन्न वर्षं लागली, आणि त्या रात्री मी घरातल्या प्रत्येकाला ओढून बाहेर आणलं.

प्रोग्रेसिव्ह काचांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. लांबचं दिसतं ते काचेच्या वरच्या भागातून. झाडाच्या शेंड्यावरची घार पाहायची तर मान वर करायची, डोळे समोर ठेवायचे; तिथे अडचण येत नाही. उंचावरून खाली पाण्यातला बगळा पाहताना मात्र नुसती नजर खाली वळवली की काचेचा खालचा भाग मध्ये येतो आणि चित्र पुसट होतं. हनुवटी छातीशी आणून अख्खं डोकं खाली वाकवायचं. आठवड्याभरात सवय होते. मी आधी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून पाहिला, पण मग वहीत टिपण करताना अक्षर दिसेना. पक्षी, वही, पुन्हा पक्षी, या चकरेत प्रोग्रेसिव्हच बरा पडतो.

चष्म्याकडेही लक्ष द्या. नाकावरून घसरलेला चष्मा दोन-तीन मिलिमीटर सहज खातो. नाकावरचे पॅड आवळून घेतले की तेवढा आय रिलीफ फुकट परत मिळतो. दुर्बीण चष्म्यावर दाबायची नाही, नुसती टेकवायची. रबरावर धुळीचा कण असेल तर प्लॅस्टिकच्या काचेवर ओरखडा उठतो, म्हणून मी दर वेळी आयकपच्या कडेवरून बोट फिरवून घेते. चष्मा आणि आयकप यांच्या फटीतून बाजूचा उजेड आत येतो. ऊन पाठीमागून असेल तर टोपी घालते किंवा तळहाताने आडोसा करते.

दृश्यक्षेत्र ६.३ अंश, म्हणजे हजार मीटरवर ११० मीटर रुंदीचं. याहून रुंद दाखवणाऱ्या दुर्बिणी मिळतात. पण कागदावर रुंद असलेलं दृश्य चष्म्यामुळे अर्धंच दिसणार असेल, तर त्या रुंदीचं मी काय करू? मला हे ११० मीटर सगळेच्या सगळे दिसतात. वजन ५९० ग्रॅम आहे. दोन तासांनी मानेला जाणवतं, म्हणून खांद्यांवरून जाणारा पट्टा लावलाय. त्यामुळे चष्म्याच्या दोरीत गळ्यातला पट्टा अडकणंही थांबलं.

आता या मालिकेची पुढची आवृत्ती मोनार्क एम५ नावाने येते, तिच्या ८×४२ चाही आय रिलीफ १९.५ च आहे.

माझ्या मैत्रिणीला अधिक चारचा चष्मा आहे. अधिक नंबरच्या काचा मध्ये जाड असतात, त्यामुळे तिला माझ्याहून जास्त आय रिलीफ लागतो. तिने माझी दुर्बीण घेतली, आयकपचा एक टक खाली केला आणि पाहिलं. “अगं, पूर्ण गोल दिसतंय!” म्हणाली, आणि पुढचा पाऊण तास परत दिली नाही.