वर्सोवा की अमेरिका: मत्स्यशास्त्राची पदव्युत्तर वाट

शिरगाव, नागपूर किंवा उदगीरहून बी.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदवी) झालेल्यासमोर दोन रस्ते असतात.

मुंबईत वर्सोव्याच्या सीआयएफईत (केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था) एम.एफ.एस्सी.ला प्रवेश आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) परीक्षेतून, म्हणजे आधी गुण आणि मग गाइड. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, त्यामुळे अंदाजाने उत्तर देणं महागात पडतं. वरच्या क्रमांकांना शिष्यवृत्ती मिळते, पण ती रँकवर असल्याने आधी हिशोबात धरू नये. नुसतं बी.एस्सी. प्राणिशास्त्र असेल तर हा रस्ता जवळपास बंदच.

अमेरिकेत उलटं. प्राणिशास्त्रवाल्यांनाही दार उघडं असतं, पण आधी प्राध्यापक शोधायचा, अर्ज नंतर. तिथला एम.एस.चा पैसा बहुतेकदा विद्यापीठाचा नसतो, तर प्राध्यापकाच्या एखाद्या प्रकल्पाचा असतो: अमुक नदीतला ट्राउट, तमुक तळ्यातला बास. म्हणून उत्तम गुण असूनही गाइड नसेल तर अर्ज पडतो. असिस्टंटशिपच्या (प्रकल्पावर काम, बदल्यात पगार आणि ट्यूशन माफी) जाहिराती अमेरिकन फिशरीज सोसायटीच्या संकेतस्थळावर दिसतात. सप्टेंबरपासून ईमेल पाठवा. अनेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. ईमेल दहा-बारा ओळींचा: त्यांचा कोणता पेपर वाचला, जाळी, ओटोलिथ (माशाच्या कानातला खडा), ‘आर’ (आकडेमोडीची संगणकभाषा) यांपैकी हाताखालून काय गेलंय, आणि थेट प्रश्न, “पुढच्या ऑगस्टसाठी निधी असलेली जागा आहे का?” ‘रिस्पेक्टेड सर’ लिहून पन्नास जणांना एकच मजकूर धाडला, की तो न वाचताच जातो.

ऑफर आली की ट्यूशन माफीत विद्यापीठाची इतर फी आणि आरोग्य विमा येतो का, हे लेखी विचारा. बरेचदा येत नाही. शिवाय सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि त्यात असिस्टंटशिपचे तासही धरतात, म्हणजे वरकमाईची आशा नको.