वरून जुनी, आतून आजची : फोंड्यात करून घेतलेली फियाटची बॅटरी

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेल्या फियाट ११०० डिलाइट गाड्या गोव्यात काही घरांनी आजही निगुतीने सांभाळल्या आहेत. अशा गाडीचे बॉनेट उघडले की नजर अडखळते ती बॅटरीवर. आजूबाजूचे सारे त्या काळातले आणि मध्येच भडक लेबल लावलेली प्लास्टिकची पेटी! आमच्या १९६८ च्या डिलाइटमधील ही विसंगती दूर करण्याचे काम मी फोंडा शहरातील एका लहान बॅटरी दुकानाकडे सोपवले. असे काम करून घेताना नेमके काय तपासावे हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हा अभिप्राय थोडा विस्ताराने लिहीत आहे.

जुन्या बॅटरीची पेटी एबोनाइटची, म्हणजे कठीण केलेल्या काळ्या रबराची असे. माथा डांबर ओतून बंद केलेला असे आणि त्या डांबरावर एका सेलला दुसऱ्या सेलशी जोडणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्या उघड्या दिसत. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणून सहा बुचे. एखादा सेल निकामी झाला तर कारागीर डांबर तापवून काढत, पट्टी कापून प्लेटांचा संच वर उचलत आणि नवा संच बसवून शिशाचा जोड पुन्हा देत. आजची पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकची पेटी उष्णतेने कायमची सांधलेली असते. तिच्या आगमनाने ती दुरुस्तीही गेली आणि ते हातही कमी झाले. फोंड्यातील या दुकानाच्या मेस्तांनी, म्हणजे मुख्य कारागिरांनी, मात्र तरुणपणी हेच काम केलेले आहे, आणि ते त्यांच्या प्रत्येक निर्णयात जाणवते.

सोपे उपाय त्यांनी सुरुवातीलाच बाजूला सारले. नव्या बॅटरीला काळा रंग फासला तर पॉलिप्रॉपिलिनवर तो टिकत नाही, पापुद्रे सुटतात. जुनी पेटी पोखरून तिच्यात नवी बॅटरी बसवायची, तर आतल्या सेलांच्या भिंती कापाव्या लागतात आणि एकदा कापलेली पेटी पुन्हा पूर्ववत होत नाही. गाडीबरोबर आलेली वस्तू अशी कापण्यास त्यांनी स्वच्छ नकार दिला, आणि माझ्या मते या दुकानाची खरी योग्यता तिथेच कळते. त्यांनी जुन्या पेटीवरून साचा काढून फायबरग्लासची नवी पेटी करण्याचे सुचवले. गोव्यात मासेमारीच्या होड्या फायबरग्लासच्या होऊ लागल्याला बराच काळ लोटला आहे, त्यामुळे हे काम जाणणारे हात इथे सहज मिळतात. साच्याचे काम होड्या बांधणाऱ्या एका कारागिराने केले आणि पेटीच्या अंगावरची उठावाची अक्षरे इतकी सुबक उतरली आहेत की जुनी पेटी शेजारी ठेवल्याशिवाय फरक सांगता येत नाही.

आत बसवली आहे ती बाजारात कुठेही मिळणारी, अनेक छोट्या मोटारींत असते ती ३८बी२० मापाची, ३५ अँपिअर-तासांची बॅटरी. या सांकेतिक नावातील २० हा आकडा सेंटिमीटरमधील लांबी दाखवतो आणि बी हे अक्षर रुंदी-उंचीचा गट. प्रत्यक्षात ती १९७ मिलिमीटर लांब आणि १२९ रुंद असते, त्यामुळे जुन्या मापाच्या या पेटीच्या पोटात चारही बाजूंनी जागा उरते. त्या जागेत जाड रबराचे तुकडे घट्ट बसवले आहेत, कारण आतली बॅटरी हलली तर बाहेरून आवळलेल्या मूळ पट्टीचा काहीच उपयोग नाही. या बॅटरीची टोके मात्र गाडीच्या जुन्या क्लॅम्पांसाठी बारीक पडतात. म्हणून झाकणावर जुन्या मापाची शिशाची टोके ओतून, ती आतून तांब्याच्या जाड केबलने बॅटरीशी जोडली आहेत. गाडीचे मूळ क्लॅम्प आणि अर्थिंगची विणलेली सपाट पट्टी जशीच्या तशी राहिली. माथ्यावरच्या शिशाच्या पट्ट्या केवळ दर्शनी आहेत, त्यांतून वीज वाहत नाही.

सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे बुचे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो आणि बंद पेटीत साठला तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. मेस्तांनी जुन्या बॅटरीची सहाही बुचे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, प्रत्येकाच्या माथ्यावरचे बारीक छिद्र तारेने मोकळे करून, नव्या झाकणात आरपार बसवली. वायू जुन्या वाटेनेच बाहेर पडतो. तळाशी हवा आत येण्यासाठी आणि पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी वेगळी भोके आहेत. असे काम दुसरीकडे करून घेणाऱ्यांनी इतर काही तपासले नाही तरी चालेल, पण वरची वाट मोकळी आहे ना, हे अवश्य पाहावे.

गाडी ताब्यात देण्यापूर्वी त्यांनी माझ्यासमोर मोजमाप केले. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. ते एकदा आतल्या बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा बाहेरच्या शिशाच्या टोकांवर मोजले, कारण दोन्हींत फरक पडला तर जोड कच्चा आहे असे समजावे. फरक नगण्य निघाला. १०८९ सीसीचे इंजिन पहिल्याच फिरकीत सुरू झाले.

तक्रारीच्या जागाही आहेत. पहिल्यांदा ओतलेले डांबर नरम जातीचे होते. एप्रिलच्या उकाड्यात इंजिनाजवळ ते इतके मऊ झाले की बोटाचा ठसा उमटे. दुकानाने ते विनामोबदला काढून कठीण जातीचे ओतले, तरी हे आधीच ध्यानात यायला हवे होते. फायबरग्लासची चकाकीही एबोनाइटच्या मंद काळेपणाशी जुळत नव्हती. बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून ती मला घरी उतरवावी लागली. तिसरी गोष्ट दुकानाचा दोष नव्हे, या पद्धतीचीच मर्यादा आहे. पूर्ण पेटीत मावली असती त्याहून लहान बॅटरी आत आहे आणि जुना डायनॅमो इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. जुलैच्या पावसात दिवे आणि वायपर चालू ठेवून वाहतूक-कोंडीत तासभर उभे राहण्याची वेळ ज्यांच्यावर नेहमी येते, त्यांनी ही पेटी घेऊ नये. आमची गाडी बहुधा रविवारी सकाळी फर्मागुढीचा चढ चढून म्हार्दोळ-मंगेशीपर्यंत जाऊन येते. तेवढ्याला ती पुरून उरते.

खर्च नव्या बॅटरीच्या किमतीच्या दुपटीहून अधिक आला, आणि झालेली मेहनत पाहता तो मला वाजवी वाटतो. शिवाय हा खर्च एकदाच आहे. झाकण चार स्क्रूंवर असल्यामुळे पुढची बॅटरी कोणत्याही दुकानात बदलता येईल. फक्त ३८बी२० च्या पुढचे अक्षर पाहून तीच टोकांची मांडणी घ्यावी, म्हणजे आतल्या केबली एकमेकींवरून न्याव्या लागणार नाहीत. जुन्या प्लेटा आणि शिशाचा गाळ दुकानाने अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ठेवून घेतला, रिकामी एबोनाइटची पेटी धुऊन परत दिली. साच्याच्या कामासाठी ती पेटी त्यांच्याकडे काही आठवडे ठेवावी लागते आणि चतुर्थीच्या दिवसांत दुकान बंद असते; तेव्हा काम पाऊस सुरू होण्यापूर्वी द्यावे.