फुगलेली टाकी आणि नाना पेठेतलं बिनपाटीचं गॅरेज

जानेवारी २०२५ मध्ये मी २०१२ सालची एक इटालियन व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलेंडरची मोटरसायकल, सेकंडहँड घेतली. कित्येक वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलेली गाडी. कागद चोख होते, गाडी फार पळालेली नव्हती. घेताना मी चेन पाहिली, टायरवरची तारीख पाहिली, गार इंजिन चालू करून ऐकलं. पेट्रोलची टाकी मात्र नीट पाहिली नाही. लाल रंग बघितला आणि पुढे गेलो. डाव्या बाजूच्या स्टिकरखाली मुगाच्या दाण्याएवढे तीन-चार फोड होते, ते दिसले होते. उन्हाने आले असतील असं वाटलं.

फेब्रुवारीत पार्किंगमधून गाडी वळवताना हँडल पूर्ण डावीकडे नेलं आणि अंगठा टाकी आणि स्विचच्या मधे चेपला. दुसऱ्या दिवशी उजवीकडे नेऊन पाहिलं, तिकडे तर स्विचचा डबा टाकीला घासतच होता. मग सीट लागेना. सीटखालचा टाकीचा मागचा बोल्ट बघितला तर तो वाकडा जाऊन बसला होता आणि टाकीच्या कानाला, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकाच्या भागाला, केसाएवढी बारीक चीर गेली होती. आधी कुणीतरी जोर लावून तो आवळला होता.

एका सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं. नवी टाकी मागवावी लागेल, तीन-चार महिने लागतील म्हणाले, आणि किंमत ऐकून मी तिथून उठलो. नवी टाकी त्याच प्लॅस्टिकची असणार का, या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. दुसरीकडे एक मेकॅनिक म्हणाला, कानस मारून फ्रेमवरच्या ब्रॅकेटचं भोक लांबट करू, अर्ध्या तासाचं काम. मी भोसरीत एका टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला आहे. वस्तूची साईज बदलली असेल तर ती का बदलली हे कळल्याशिवाय तिच्यावर कानस चालवायला माझा हात धजत नाही.

कंपनीतल्या एका सहकाऱ्याने नाना पेठेत पाठवलं. टू-व्हीलरच्या स्पेअरसाठी पुणेकर नाना पेठेतच जातात हे वेगळं सांगायला नको, पण हे गॅरेज दुकानांच्या ओळीत नाही. आतल्या बोळात निळं शटर, पाटी नाही, वर पत्र्याचा पोटमाळा. मालकांना सगळे चाचा म्हणतात. वय साठीच्या पुढचं, हाताखाली दोन मुलं. गॅरेजला पाटीच नाही, म्हणून हा रिव्ह्यू नावाशिवायच लिहितोय.

चाचांनी पाना हातात घ्यायच्या आधी हँडल दोन्ही बाजूंना फिरवून मधल्या फटीत बोट घालून पाहिलं. स्टिकरवरच्या फोडांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "साहेब, हा बोल्ट मी आत्ता काढतो, पण आज परत लावणार नाही. चालेल?" मी हो म्हटलं. बोल्ट निघाल्याबरोबर टाकी सुटून मागे सरकली. ब्रॅकेटचं भोक आणि कानाचं भोक यांच्या मधलं अंतर मी व्हर्नियरने मोजलं, ११ मिलिमीटर. एवढं अंतर नुसतं ताणून बसवलेलं होतं, आणि त्या टाकीच्या पोटात पेट्रोलचा पंप आहे. चीर वाढली असती तर पेट्रोल थेट गरम सिलेंडरवर आलं असतं.

टाकी फुगते कशी, हे मला चाचांच्या आधी माझ्या कामाने शिकवलं होतं, फक्त मी ते इथे लावून पाहिलं नव्हतं. आमच्याकडे नायलॉनचे बुश, म्हणजे भोकात बसवायच्या छोट्या नळ्या, होतात. उन्हाळ्यात टर्न केलेला बुश गेजमध्ये बरोबर बसतो आणि तोच बुश ऑगस्टमध्ये काढला की जात नाही. नायलॉन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि वाढतं. या गाडीची टाकी नायलॉनची आहे. नुसत्या पेट्रोलला नायलॉन चांगलं अडवतं, वाफही कमी झिरपू देतं, म्हणून काही कंपन्यांनी टाक्यांसाठी ते निवडलं. पण इथेनॉल पाण्यासारखंच नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्यांमधे शिरतं, तिथे धरून बसतं आणि साखळ्यांना दूर सारतं. वर इथेनॉल स्वतः हवेतलं पाणी ओढणारं. २०१२ ची ही टाकी, आणि आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे बनणाऱ्या गाड्यांचे भाग हे पेट्रोल सोसतील असे असतात, त्याआधीच्या गाडीचं ज्याचं त्याने बघायचं.

इथेनॉलवर राग काढायला मी हे लिहीत नाही. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं, घरचा ऊस कारखान्याला जातो, आणि इथेनॉल सुरू झाल्यापासून उसाच्या बिलाबद्दल वडिलांच्या बोलण्यातली काळजी कमी झालेली मी पाहिली आहे. लोखंडी टाकीच्या गाडीवाल्यांना हा फुगण्याचा त्रास नाही. हा त्रास नायलॉनच्या टाकीचा आहे, आणि तो ओळखता यायला हवा.

आता चाचांनी केलं काय ते सांगतो, कारण पैसे त्याचेच आहेत. पेट्रोल बोळाच्या तोंडाशी, उघड्यावर, पत्र्याच्या कॅनमध्ये काढलं. पंप, लेव्हलचा सेन्सर, झाकण, नळ्या, सगळं उतरवलं. पंपाची ओरिंग, म्हणजे गळती अडवणारी गोल रबरी रिंग, हातात घेऊन मला दाखवली. ती तिच्या खाचेपेक्षा इतकी वाढली होती की परत बसवायला गेलं तर एका बाजूला लूप उभा राहत होता. टाकी चार दिवस मागच्या मोकळ्या चौकात ठेवली, वास गेल्यावरच पोटमाळ्यावर नेली. प्रत्येक भोकावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून रबरबँड लावला, म्हणजे हवा जाईल आणि किडे जाणार नाहीत. हीटर नाही, ड्रायर नाही, बल्ब नाही. पोरांना माळ्यावर बिडी-सिगारेट न्यायची नाही अशी ताकीद. पत्र्याखाली एप्रिलची कोरडी पुणेरी हवा, एवढंच औषध.

मी दर रविवारी वजनकाटा घेऊन जात होतो. पहिल्या दिवशी रिकामी टाकी ४ किलो ८६० ग्रॅम होती. आठवड्याने ४ किलो ६९०. भिंतीत मुरलेलं द्रव बाहेर पडतंय हे आकड्यात दिसलं तेव्हा मला जो धीर आला तो सांगता येणार नाही. तिसऱ्या रविवारी टाकी गाडीवर नुसती ठेवून पाहिली, भोक ६ मिलिमीटरवर. सातव्या रविवारी वजन ४ किलो ४१०, भोक २ मिलिमीटरवर. त्यानंतर मे संपायच्या आतच पाऊस सुरू झाला आणि काटा हलायचा थांबला. चाचा म्हणाले, आता ठेवून काही होणार नाही, उलट हवेतलं पाणी घेईल. राहिलेले २ मिलिमीटर त्यांनी मागच्या बिजागरीखाली ॲल्युमिनियमची पट्टी देऊन काढले. टाकीला किंवा फ्रेमला कानस लागली नाही. कानाची चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाशी बारीक भोक पाडलं आणि कानावर धातूची टोपी बसवली. पेट्रोल नळीच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा बदलून धातूच्या लावल्या. त्या क्लिपा जुन्या झाल्या की चालत्या गाडीवर तुटतात, ही सूचना त्यांची.

आतून इपॉक्सीचा कोट मारून द्या, असं मी दोनदा म्हणालो. त्यांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. नायलॉनवर कोट नीट धरतोच असं नाही, कोपऱ्यात टाकी ओली राहिली असेल तर तिथून सुटतो, आणि सुटलेला पापुद्रा पंपाच्या जाळीत जातो. कोटचे पैसे मी द्यायला तयार होतो, त्यांनी ते काम सोडून दिलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

एकूण ६,४०० रुपये झाले. त्यात नव्या ओरिंगा, क्लिपा आणि सात आठवड्यांची जागा धरली. माळ्याचं भाडं वेगळं नाही.

दोन गोष्टी खटकल्या. फोन उचलत नाहीत, प्रत्येक वेळी जावं लागतं, आणि भोसरीहून नाना पेठ म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत तास-सव्वा तास. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पंपाची ओरिंग नवी घातली, पण लेव्हल सेन्सरची जुनीच बसवली. सुकल्यावर ती खाचेत बसली म्हणून चालेल असं वाटलं असणार. तिसऱ्या दिवशी टाकीखाली रुपयाएवढा ओला डाग दिसला. गाडी तशीच बंद ठेवली, गॅरेजमधल्या पोराला बोलावलं, त्याने घरी येऊन रिंग बदलली, पैसे घेतले नाहीत. तरी पेट्रोलच्या कामात जुनी रिंग परत वापरू नये, आणि हे मी चाचांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

आता गाडीत शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकतो. त्यात इथेनॉल नाही हे मी घरी तपासलं. काचेच्या मोजपात्रात १०० मिली पेट्रोल, त्यात १० मिली पाणी, हलवून ठेवायचं. साध्या पेट्रोलखाली पाण्याचा थर वाढून ३० च्या आसपास गेला, कारण इथेनॉल पाण्यात उतरलं. शंभर ऑक्टेनच्या खाली थर १० वरच राहिला. हे गॅलरीत, गॅसपासून लांब करा. लिटरला दीडशेच्या वर जातात, पण माझी गाडी महिन्याला चार-पाचशे किलोमीटरच चालते. पावसाळ्यात गाडी उभी करायची असेल तर टाकी रिकामी करून झाकण सैल ठेवतो. लोखंडी टाकी गंजू नये म्हणून भरून ठेवतात, नायलॉनची रिकामी ठेवायची. ही सवय बदलायला मला वेळ लागला.

अशी गाडी कुणी घेत असेल तर इंजिनाच्या आधी हँडल दोन्ही टोकांना नेऊन टाकीशी फट पाहा, सीट काढून मागचा बोल्ट हाताने फिरतो का पाहा, ब्रॅकेटचं भोक लांबट केलेलं आहे का पाहा, आणि स्टिकरखाली फोड असतील तर उन्हावर ढकलू नका.

गॅरेजला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या रिंगसाठी कापला. शुक्रवारी दुपारी बंद असतं. टाकी सुकवायची असेल तर मार्चच्या शेवटी न्या, जूनमध्ये नेलीत तर ते घेणार नाहीत.