दात न काढणारा दवाखाना

तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्या माणसाचे दात बिघडू लागले, तर इंदूरमध्ये त्याने कोणत्या प्रकारच्या दंतवैद्याकडे जावे, याविषयी स्वतःच्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे. दवाखाना पलासिया भागात दुसऱ्या मजल्यावर आहे. त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण याच लिखाणात दुसऱ्या एका दवाखान्याची तक्रार आहे, आणि एकाचे नाव गाजवून दुसऱ्याचे झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही.

साडेतीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गालाच्या आतील कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईस झाली. तीस वर्षे तंबाखू-चुना मळल्याचे ते फळ होते, त्यात दोष माझाच. त्यानंतर सहा आठवड्यांत ३० बैठकांमध्ये ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) इतके किरण देण्यात आले. आमच्या इंदुरात मराठी माणसेसुद्धा याला सिकाईच म्हणतात. तीन किडके दात शस्त्रक्रियेच्या वेळीच काढले होते. उरलेल्यांसाठी दातांवर बसणाऱ्या साच्यात फ्लोराइडची जेल घालून ती रोज लावावी आणि हे जन्मभर करावे, असे बजावले होते. मी ते आठ महिने केले आणि सोडून दिले.

गेल्या दिवाळीच्या सुमारास खालच्या डाव्या दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून, तपकिरी पट्टा दिसू लागला आणि एका सकाळी पोह्यांवरची शेव चावताना एका दाढेचा कोपराच निघून हातात आला. दुखले अजिबात नाही, म्हणून आणखी महिनाभर गेला. लाळ ही केवळ ओलाव्यासाठी नसते. ती तोंडातील आम्ल निवळवते आणि दातांना कॅल्शियम व फॉस्फेट पुरवते. किरणांनी लाळग्रंथी निकामी झाल्या की जी जागा एरवी सहसा किडत नाही, म्हणजे दाताची मान (हिरडीलगतचा भाग) आणि चावण्याची टोके, तीच आधी जाते.

घराजवळच्या दवाखान्यात गेलो. तेथे मधुमेह आणि रक्तदाब विचारला गेला, एक एक्स-रे झाला आणि दोन दाढा आजच काढून टाकू असे सांगण्यात आले. माझ्या मानेवरची शस्त्रक्रियेची खूण शर्टाच्या कॉलरबाहेर सहज दिसते, पण तिच्याविषयी कोणी विचारले नाही. सिकाईची गोष्ट सौभाग्यवतींनीच दारातून सांगितली, तेव्हा उत्तर आले की तीन वर्षे होऊन गेली, आता त्याचा परिणाम उरलेला नसतो. नेमकी उलटी गोष्ट आहे. किरणांमुळे हाडातील बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, हाडाच्या पेशी मरतात आणि वर्षे गेल्याने ते हाड पूर्ववत होत नाही. अशा जबड्यातून दात उपटला तर खड्डा भरून न येता हाड उघडे पडून महिनोन्महिने सडत राहण्याचा धोका असतो. खालच्या जबड्यास हा धोका अधिक, कारण त्याचा रक्तपुरवठा मुळातच वरच्यापेक्षा तोकडा असतो. मी खुर्चीवरून उठलो, एवढेच त्या दिवशी शहाणपणाचे केले.

पलासियाच्या दवाखान्यातील डॉक्टर बाईंनी तोंडात आरसा घालण्यापूर्वीच विचारले, “काका, सिकाई कुठे आणि किती झाली, त्याचा कागद आणला आहे का?” कागद नव्हता. त्यांनी पहिल्या दिवशी कोणतेही काम केले नाही, फक्त संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घेतला आणि तोंड किती उघडते ते पट्टीने मोजले. ते २७ मिलिमीटर भरले. सर्वसाधारण माणसाची तीन बोटे उभी सहज आत जातात, माझी दोनसुद्धा मुश्किलीने जात होती. मग त्यांनी विचारले, “खिशात काय ठेवता?” खिशात लिंबाच्या गोळ्या होत्या. तोंड कोरडे पडते म्हणून दिवसाला दहा-बारा चघळत असे. साखर आणि आम्ल दोन्ही एकत्र, तेही लाळ नसलेल्या तोंडात. इतका मोठा रोग पार करून दात घालवले ते या गोळ्यांनी, हे ऐकून सौभाग्यवतींनी तो पुडा तेथेच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मुंबईहून कागद मागवून आणि माझ्या कर्करोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून मगच काम सुरू झाले. एका दाढेचे रूट कॅनॉल झाले. तोंड कमी उघडत असल्याने मुळे आतून साफ करण्याच्या नेहमीच्या २५ मिलिमीटरच्या फाइलऐवजी (बारीक सुईसारखे हत्यार) २१ मिलिमीटरची वापरावी लागली आणि एका बैठकीचे काम चार बैठकांत पुरे झाले. दुसरी दाढ वाचण्यासारखी नव्हती. तिचीही मुळे साफ करून भरली, वरचा भाग हिरडीच्या पातळीवर कापून टाकला आणि मुळे जबड्यातच राहू दिली. दिसायला हे काम ओबडधोबड आहे, पण हाडाला धक्का लागला नाही, आणि मला तेवढेच हवे होते. दात काढणे अटळच ठरले तर दाबयुक्त ऑक्सिजनच्या बैठका घ्याव्यात असे मी कोठेतरी वाचले होते, तेही विचारले. पूर्वी तो सल्ला सर्रास दिला जात असे. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत अशा ऑक्सिजनने हाड सडण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही, असे त्यांनी सांगितले. महागडी बैठक विकण्याची संधी सोडणारा दवाखाना मला तरी प्रथमच भेटला.

तक्रारीही आहेत. ठरलेल्या वेळेनंतर सरासरी तासभर थांबावे लागते, लिफ्ट दोनदा बंद होती, आणि खर्चाचा लेखी अंदाज मागूनही मिळाला नाही. दातांच्या मानेजवळ भरलेले ग्लास आयोनोमर (दात भरायचे सिमेंट) दोन ठिकाणी चार महिन्यांत निघाले. ते पुन्हा भरण्याचे पैसे घेतले नाहीत, पण असे होऊ शकते हे आधी सांगायला हवे होते. कृत्रिम लाळेचा फवारा घ्यायला लावला, तो माझ्या मते पैशांचा अपव्यय आहे. अर्ध्या तासात तोंड पुन्हा कोरडे. पाण्याची लहान बाटली सोबत ठेवणे त्याहून बरे.

साचे मात्र उत्तम बसले. त्यात आम्लरहित १.१ टक्के सोडियम फ्लोराइडची जेल घालून रोज रात्री पाच मिनिटे धरायची, थुंकायची आणि अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. साध्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असते, या जेलमध्ये ५०००. जबड्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरण्याचा व्यायाम दिला आहे. चार महिन्यांत २७चे ३१ झाले. भुट्ट्याचा कीस आता सुखाने जातो, सराफा बाजारातला तळलेल्या कंदाचा गराडू अजून नाही. पुढील तपासणी तीन महिन्यांनी आहे आणि त्या वेळी लिफ्ट चालू आहे का, हे मी निघण्याआधी फोन करून विचारणार आहे.