सहा वर्षे वापरलेला नॉन-स्टिक तवा आणि त्याची सफाई

२०१९ च्या दिवाळीआधी तुळशीबागेतून मी नॉन-स्टिक भांड्यांचा दोन नगांचा संच घेतला. त्यात २८ सेंटीमीटर व्यासाचा सपाट तवा आणि २४ सेंटीमीटरचा खोलगट पॅन होता. दोन्ही ॲल्युमिनियमचे, ४ मिलिमीटर जाडीचे, आतून पीटीएफईचा (म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो त्या न चिकटणाऱ्या प्लास्टिकचा) लेप दिलेले आणि खालून उघड्या धातूचे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते अशा कोणत्याही भांड्याला लागू पडते आणि या दोन भांड्यांची जी हानी झाली ती बहुतांशी आमच्याच वापरामुळे झाली.

पहिली दोन वर्षे तव्याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. घावन पातळ पिठाचे असूनही जाळी धरत असे आणि कडा सुटल्या की नुसता तवा तिरका केला तरी ते ताटात उतरत असे. मुगाची धिरडी, नाचणीचे डोसे यांना चमचाभर तेलही पुष्कळ व्हायचे. थालीपीठ मात्र या तव्यावर मला कधीच मनासारखे जमले नाही. त्याला लागणारी खरपूस आच लोखंडी तवाच देऊ शकतो आणि तेवढी आच नॉन-स्टिकला देऊही नये. तिसऱ्या वर्षी घावन मधोमध चिकटू लागले. तव्याचा रंग तपकिरी दिसू लागला, हात फिरवला की पृष्ठभाग किंचित चिकट लागे, आणि पूर्वी ज्यावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळत तिथे पाणी पसरून राहू लागले. लेप गेला, आता नवा तवा घ्या, असे घरात सर्वांचे मत पडले.

ते मत चुकीचे होते, आणि असे बरेच तवे याच गैरसमजापायी भंगारात जात असावेत, असे मला वाटते. लेप खरोखर गेला असेल तर खालचा चंदेरी धातू दिसतो, चरे नखाला लागतात किंवा लेपाचे पापुद्रे सुटतात. आमच्या तव्यावर यांपैकी काहीच नव्हते. होता तो तेलाचा राप. तेलाचा पातळ थर वारंवार तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंतून कडक, चिवट पापुद्रा तयार होतो. बिडाच्या किंवा लोखंडी तव्यावर हाच थर आपण मुद्दाम मुरवतो आणि त्यामुळेच जुन्या तव्यावर डोसा सुटतो. आईची सवय अशी की प्रत्येक घावनाआधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा आणि शेवटी तवा नुसता पुसून ठेवायचा. लोखंडी तव्याला जी सेवा मानवते तीच नॉन-स्टिकला बाधते, कारण त्याचा गुळगुळीतपणा त्या थराखाली झाकला जातो. पीठ पोहोचत नाही पण तेल पोहोचते अशा काठाजवळ हा राप सर्वांत जाड असतो, हे तवा उजेडात तिरका धरला की स्पष्ट दिसते.

खोलगट पॅनची सफाई सोपी होती. पॅन अर्धा होईल इतके पाणी, त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा, आणि मंद आचेवर दहा मिनिटे उकळी. तपकिरी थर कडेने सुटू लागल्यावर लाकडी कालथ्याने तो हलकेच ढकलला, पाणी कोमट होऊ दिले आणि मग भांड्यांच्या साबणाने मऊ स्पंजने धुतले. सपाट तव्यात पाणी राहत नाही, त्यामुळे तो परातीत सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा असे पहिल्यांदा मनात आले. पण सोड्याच्या पाण्याने उघडे ॲल्युमिनियम काळवंडते आणि दांड्याच्या खाचेत पाणी शिरते, म्हणून तो विचार सोडला. त्याऐवजी तवा हाताला सोसेल इतपत कोमट केला, सोडा आणि थोडे पाणी कालवून दाटसर लेप वरच्या बाजूला पसरला, त्यावर ओले फडके झाकले आणि अर्धा तास तसाच ठेवला. नंतर त्याच फडक्याने गोलाकार चोळले असता फडके तपकिरी झाले. हे मी सलग तीन दिवस केले, कारण जुना राप एका दमात निघत नाही आणि घाई केली की हात आपोआप तारेच्या घासणीकडे जातो. हिरवी खरखरीत घासणीसुद्धा इथे वर्ज्य समजावी. दांडा जिथे तव्याला जोडला आहे तिथला मळ जुन्या मऊ टूथब्रशने निघाला. चौथ्या दिवशी थेंबभर तेल हाताने पुसून तवा मध्यम आचेवर ठेवला आणि घावन पूर्वीसारखे सुटले. काठाचा एक पट्टा अजून तपकिरी आहे. तो मी तसाच राहू दिला आहे.

ज्यांच्या सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते त्यांना भांड्यावर पांढुरकी छटाही दिसेल. तो क्षारांचा थर असतो आणि त्यावर सोडा चालत नाही. पाण्यात मिसळलेले पांढरे व्हिनेगर पाच मिनिटे ठेवले की तो विरघळतो.

जाडीबद्दल मात्र या संचाला मी पूर्ण गुण देईन. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारण्याची सवय आमच्याकडे अनेक वर्षे होती आणि पातळ पत्र्याचा तवा अशाने मधोमध फुगून शेगडीवर डुगडुगू लागतो. हा तवा सहा वर्षांनंतरही ओट्यावर सपाट बसतो. तरीही हबका आता आम्ही बंद केला आहे आणि तवा पूर्ण निवल्याशिवाय मोरीत जात नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हाती तो देण्याऐवजी मीच धुतो, कारण घाईच्या कामात प्रत्येक भांड्याची घासणी बदलायला सांगणे मला रास्त वाटत नाही.

नवीन भांडे घेताना ‘पीएफओए-मुक्त’ या शिक्क्यावर विक्रेते फार भर देतात. पीएफओए हे रसायन लेप तयार करण्याच्या प्रक्रियेत वापरले जाई. अमेरिकेतील मोठ्या उत्पादकांनी २००६ मध्ये ठरवून २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला. शिक्का चांगलाच आहे, पण त्याचा अर्थ भांडे कितीही तापवले तरी चालते असा होत नाही. लेप बहुधा पीटीएफईचाच असतो, साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो खराब होऊ लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामे भांडे काही मिनिटांतच त्या तापमानाला पोहोचते. अतितापलेल्या लेपाचा धूर पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या जिवावर बेततो, तेव्हा ज्यांच्या घरी बजरीगर आहेत त्यांनी तर रिकामा तवा गॅसवर ठेवून फोन घ्यायला जाऊच नये. फोडणीसाठी आम्ही आता लोखंडी पळी वापरतो.

खोलगट पॅन मात्र वाचला नाही. सोड्याने तो स्वच्छ झाला तेव्हाच मधोमध स्टीलच्या डावाचे चरे उघडे पडले आणि त्यांतून चंदेरी धातू दिसू लागला. कसब्यातल्या तांबट आळीच्या आसपास लहानपणी पितळी पातेली कल्हईला जाताना मी पाहिली आहेत; नवसागर आणि कथील घेऊन बसलेला कारीगर जुने भांडे पुन्हा नव्यासारखे करून देत असे. पीटीएफईचा लेप साडेतीनशे अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत पक्का करावा लागतो, त्यामुळे घरी किंवा आळीत असा उपाय होत नाही. पॅन मी भंगारात दिला. तवा रोज वापरात आहे. त्याचा दांडा दर दोन महिन्यांनी सैल होतो आणि स्क्रू आवळावा लागतो, हा या संचातला एकमेव दोष असा आहे जो मी कंपनीच्या माथी मारेन.